प्रयोगाचा कर्ता

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील मुलाला कावीळ झाली. डॉक्टरांनी विश्रांती, हलका आहार आणि उकळलेले पाणी सांगितले. घरातील आजींचे एवढ्यावर समाधान होणे शक्य नव्हते. गावी असत्या तर त्यांनी परसातली भुईआवळी उपटून, वाटून, ताकातून दिली असती. दिल्लीच्या थंडीत ती पावसाळी वनस्पती कोठून मिळणार? तेव्हा दुकानातून तिच्या चूर्णाचा डबा आला. मुलगा महिन्याभरात हिंडूफिरू लागला. डब्यावर एक ओळ छापलेली होती : ‘प्राण्यांवरील प्रयोगांनी सिद्ध’. आजींनी ती वाचली आणि आम्हांस विचारले, “का रे बाबा, प्राण्यांवर म्हणजे कोणत्या?”

“बहुधा उंदरांवर, आजी.”

“मग त्यांनाही कावीळ झाली होती का?”

“नाही. त्यांची यकृते मुद्दाम बिघडविण्यात आली असतील.”

“बिघडविण्यात आली म्हणजे? कोणी बिघडविली?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम, असे प्रयोग होतात तरी कसे, ते पाहू. सारख्याच वयाचे व वजनाचे पांढरे उंदीर घेतात आणि त्यांचे बहुधा सहा-सहांचे गट पाडतात. एका गटास काहीच अपाय करीत नाहीत. दुसऱ्यास केवळ विष देतात. तिसऱ्या-चौथ्यास वनस्पतीचा अर्क लहानमोठ्या मात्रेत आणि सोबत विष देतात. शेवटच्या गटास तुलनेसाठी एखादे परिचित औषध देतात. ते बहुधा सिलिमारिन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका काटेरी वनस्पतीचे सत्त्व असते. विष म्हणून बहुतेक वेळा कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव तेलात मिसळून देतात. एके काळी हाच द्रव कपड्यांच्या कोरड्या धुलाईत आणि आग विझविण्याच्या नळकांड्यांत वापरीत. त्याचे कार्य चमत्कारिक आहे. तो मुळात जितका घातक असतो, त्याहून अधिक घातक यकृतात गेल्यावर होतो. अंगात शिरलेल्या परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारी यकृतातील विकरेच त्याचे रूपांतर एका अतिशय आक्रमक रेणुखंडात करतात. तो खंड पेशींच्या आवरणातील स्निग्धांश जाळीत सुटतो. पेशी फुटतात आणि त्यांतील विकरे रक्तात उतरतात. आपल्या रक्ततपासणीच्या कागदावर एसजीपीटी आणि एसजीओटी या अक्षरांपुढे जे आकडे असतात, ते याच गळतीचे माप होय. अर्क घेतलेल्या गटात हे आकडे कमी आढळले, तर वनस्पती यकृताचे रक्षण करते असा निष्कर्ष निघतो. शेवटी उंदीर मारून त्यांच्या यकृतांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

या प्रयोगांचे वृत्तान्त आम्ही जे थोडेबहुत वाचले, त्यांची भाषा वाचताना आम्हांस आपण कचेरीतच बसलो आहोत असे वाटले. ‘उंदरांना विष देण्यात आले’, ‘रक्त घेण्यात आले’, ‘यकृते काढण्यात आली’. केंद्र सरकारच्या कचेरीत आम्ही दिवसभर हेच लिहितो : ‘अर्ज नामंजूर करण्यात आला’, ‘कार्यवाही करण्यात यावी’. शाळेत आम्ही कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकलो. मराठीचा मूळचा कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवीत नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे गेले, तरी राम जागेवर असतोच. कचेरीने आणि प्रयोगशाळेने रूढ केलेल्या कर्मणीत मात्र राम नाहीसा झाला आहे. आंबा खाण्यात आला एवढेच उरले आहे. शास्त्राला ही भाषा हवी असते, कारण निष्कर्ष माणसागणिक बदलू नये. ते योग्यच आहे. परंतु निष्कर्षाला कर्ता नसला तरी कृत्याला तो असतोच, आणि भाषेतून त्याला घालविले की हिशेब कोणाकडे मागायचा तेच कळेनासे होते. इंग्रजी वृत्तान्तांत तर मारलेल्या उंदरांचा ‘बळी दिला’ असे लिहिण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे यज्ञात बळी देणारा यजमान आधी संकल्प सोडतो. त्यात आपले नाव, गोत्र, स्थळ, काळ आणि हेतू उच्चारतो. येथे बळी आहे, संकल्प नाही.

येथे कोणी म्हणेल की, उंदराचे एवढे काय? आपण घरात सापळे लावतोच. खरे आहे. ज्या घरात भाद्रपदात गणपतीपुढच्या मूषकालाही दूर्वा वाहतात, त्याच घरात अश्विनात धान्याच्या डब्यांमागे सापळा लागतो. परंतु सापळा लावणारा निदान आपण काय करतो ते जाणतो, आणि त्या उंदराने त्याचे धान्य खाल्लेले असते. प्रयोगशाळेतल्या उंदराने कोणाचे काहीच खाल्लेले नसते. जे खाल्ले ते आपणच त्याला घातलेले असते. देकार्तने सतराव्या शतकात प्राणी हे यंत्रासारखे आहेत असे मानून हा प्रश्न मिटविला होता. पुढे बेंथॅमने, प्राण्याला बुद्धी आहे की नाही यापेक्षा त्याला दुःख होते की नाही हे पाहावे, असे सुचवून तो पुन्हा उघडला. आज तर उंदराच्या बाजूने याहून अधिक सांगता येते. २०११ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी एक उंदीर अरुंद नळीत कोंडून दुसऱ्याला बाहेर मोकळे सोडले. मोकळा उंदीर काही दिवसांत नळीचे दार उघडण्यास शिकला आणि त्याने सोबत्याची सुटका केली. शेजारी चॉकलेटने भरलेली दुसरी नळी ठेवली, तरी तो सोबत्याला सोडवीच, आणि पुष्कळदा खाऊही त्याच्यासाठी शिल्लक राही. ज्या जीवाला सोबत्याचे कोंडलेपण सोसवत नाही, त्याला यंत्र म्हणणे आता कठीण आहे.

मग प्रयोग बंदच करावेत काय? आमचे मन येथे थबकते, आणि त्याचे कारण काविळीच्याच इतिहासात आहे. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत या दिल्ली शहरात काविळीची मोठी साथ आली होती. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेत मागे सरून वजिराबादेच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले, आणि सुमारे २९,३०० माणसे पिवळी पडली. तो आज ज्याला ‘हेपटायटिस ई’ म्हणतात त्या विषाणूचा उपद्रव होता, हे पुष्कळ वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून ध्यानात आले. गर्भवती स्त्रियांना ही कावीळ फार घातक ठरते. इतर बहुतेक रोगी मात्र काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. आता, आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगावर कोणतेही औषध गुणकारीच ठरणार. कोणी भुईआवळी दिली, कोणी उसाचा रस दिला, कोणी मंत्रून माळ घातली. रोगी उठला की यश ज्याचे त्याला. कावळा बसायला आणि ताड पडायला एकच गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ. या काकतालीय न्यायातून सुटण्यास तुलना हवी : औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्ही शेजारी शेजारी. आणि ज्या अर्काचे गुणदोष ठाऊक नाहीत, तो प्रथम माणसाच्या मुलाला पाजून पाहावा, असे म्हणण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही. शेजारचा मुलगा बरा व्हावा असे आम्हांसही मनापासून वाटत होते. उंदराची कणव करताना त्या मुलाला विसरणे हा दुसऱ्या तऱ्हेचा निर्दयपणाच झाला असता.

१९२८ साली साबरमती आश्रमात एका असाध्य आजाराने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववून मरण आणविले, आणि त्यावरून देशभर वाद झाला. त्या प्रसंगाचा आधार या बाबतीत घेता येत नाही. तेथे वासराचे मरण वासराच्याच सुटकेसाठी होते. उंदराचे मरण उंदरासाठी नसते, ते आमच्यासाठी असते. प्राण्यांवरील असल्या प्रयोगांना गांधीजींचा तर विरोधच होता. तेव्हा उंदराचे हित पुढे करून आम्हांस सुटता येत नाही. आपण दुसऱ्याच्या जीवावर आपले ज्ञान विकत घेत आहोत, हे कबूल करूनच पुढे जावे लागते. मग प्रश्न एवढाच उरतो की, विकत घेतलेले ते ज्ञान खरोखर ज्ञान आहे काय?

चरकाने रोग जाणण्याची तीन साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. आजींची भुईआवळी हा आप्तोपदेश होय. प्रयोगशाळेत दिसले ते प्रत्यक्ष. पण ते उंदराविषयीचे प्रत्यक्ष. उंदराचे यकृत वाचले म्हणून माणसाचे वाचेल, हे अनुमान. अनुमानाला व्याप्ती लागते, हे नैयायिकांनी आपल्याला केव्हाच शिकविले आहे. जेथे धूर तेथे अग्नी हे सर्वत्र खरे, म्हणून डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सिद्ध होतो. जे उंदरास लागू ते माणसास लागू, अशी व्याप्ती मात्र कोठेही सिद्ध झालेली नाही. माणसाचे दूर राहो, पॅरासिटामॉलच्या ज्या मोठ्या मात्रेने लहान जातीच्या उंदराचे यकृत नासते, ती मोठ्या जातीचा उंदीर पुष्कळ अंशी पचवितो. एका उंदराची साक्ष दुसऱ्या उंदरासही पुरत नाही.

आणखी दोन गोष्टी डब्यावरच्या ओळीत येत नाहीत. पहिली अशी की, अशा पुष्कळ प्रयोगांत अर्क विषाच्या आधीपासून दिलेला असतो. माणूस मात्र विकार जडल्यावर औषधाकडे वळतो. पुढच्या महिन्यात कावीळ होणार आहे म्हणून आज चूर्ण कोण घेतो? दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतातील विकरांमुळे घातक होतो, हे वर आलेच आहे. एखाद्या अर्काने ती विकरेच मंद केली, तर विष विष होणारच नाही आणि यकृत सुरक्षित दिसेल. पण विषाणूने, दारूने वा साचलेल्या चरबीने बिघडलेल्या माणसाच्या यकृताला त्याचा काय उपयोग? उंदराने उत्तर खरेच दिले. आपण प्रश्न दुसराच विचारला होता.

भुईआवळीचीच कथा घ्या. हेपटायटिस बी या विषाणूच्या शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे आणि ज्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या बरूक ब्लूमबर्ग यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी ही वनस्पती गंभीरपणे अभ्यासास घेतली. अशाच एका विषाणूने पछाडलेल्या, वुडचक नावाच्या अमेरिकी प्राण्यांवरील निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले, आणि ते आशादायक होते. १९८८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या रोग्यांवरील निष्कर्ष आले. भुईआवळी दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. बनावट औषध दिलेल्या २३ जणांपैकी एकाच्याच. आपल्या आज्यापणज्या जिंकल्या असे कोणासही वाटावे. परंतु पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत हे यश पुन्हा दिसले नाही, आणि जुनाट हेपटायटिस बीवर ही वनस्पती खात्रीने चालते असे म्हणण्याइतका पुरावा जमला नाही. या कथेचा शेवट निराशेचा असला, तरी आम्हांस ती सन्मानाची वाटते. विचारणाऱ्यांनी प्रश्न उंदराच्या पिंजऱ्यापाशी सोडून दिला नाही. तो माणसापर्यंत नेला, आणि नकार आला तेव्हा तोही छापला. ज्या प्राण्यांचा जीव त्यात गेला, त्यांचे मरण निदान एका खऱ्या प्रश्नासाठी खर्ची पडले.

याच्या उलट गुळवेलीची कथा. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे उकळत होते. तिच्या अर्काने उंदरांचे यकृत वाचल्याचे वृत्तान्त होतेच. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल घेतली गेली असावी, असे त्यात सुचविले होते. २०२२ साली देशातील अनेक केंद्रांतून अशाच ४३ रोग्यांची माहिती पुढे आली. गुळवेल विषारी आहे असा निवाडा आम्ही देत नाही. तो आमचा अधिकारही नव्हे. परंतु उंदराच्या साक्षीवर माणसे किती निर्धास्त राहिली, एवढे यावरून दिसते.

आणि प्रश्न खरा असला म्हणजे काय घडते, तेही पाहावे. १९७३ साली अमेरिकेतील संशोधकांनी लहान जातीच्या उंदरांवर प्रयोग करून पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत कसे नासते ते दाखविले : यकृतातील ग्लुटाथायोन नावाच्या रक्षक द्रव्याचा साठा संपला की पेशी मरू लागतात. तो साठा पुन्हा भरता येईल काय, हा त्यातून निघालेला प्रश्न. त्याच दशकात डॉक्टरांनी त्यासाठी असिटिलसिस्टीन वापरण्यास आरंभ केला. अतिमात्रेचे रोगी वेळेवर आले तर आज बहुधा त्यानेच वाचतात. त्या उंदरांचे ऋण ज्यांच्यावर आहे, अशी माणसे जगभर हिंडत आहेत.

तेव्हा आमच्या मते या प्रश्नाचे मर्म असे आहे. दुसऱ्या जीवाला दुःख देऊन प्रश्न विचारण्याचा अधिकार माणसाला आहे की नाही, यावर पंडितांचे एकमत कधी होणार नाही. परंतु तो अधिकार असलाच, तर त्याची एक किमान अट आहे : उत्तर ऐकण्याची तयारी. ‘नाही’ हे उत्तर आले तर ते छापण्याची, ‘होय’ आले तर ते माणसापर्यंत नेऊन पुन्हा पारखण्याची तयारी. जेथे ही तयारी नाही, जेथे तेच विष, तशीच वनस्पती आणि तोच ठरलेला निष्कर्ष केवळ पदवीसाठी, बढतीसाठी वा डब्यावरच्या ओळीसाठी पुन्हा एकदा मांडायचा आहे, तेथे प्रश्नच विचारलेला नसतो. तेथे उंदीर मारला जातो, एवढेच होते. निष्कर्षांची फेरतपासणी ही शास्त्राची प्रकृतीच आहे, असा आक्षेप यावर येईल. तो मान्य आहे. मद्रासच्या निष्कर्षाचे पुढे जे झाले, ती फेरतपासणीच होती. शंका आली म्हणून पुन्हा पाहणे वेगळे, आणि शंका येऊच नये म्हणून पुन्हा लिहिणे वेगळे.

आपला कायदाही या अटीच्या जवळ येऊन पोहोचतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ज्याला चालना दिली, तो प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. नव्या शोधाने ज्ञानात भर घालण्यासाठी, जीव वाचविण्यासाठी वा रोगनिवारणासाठी केलेले प्रयोग त्याने बेकायदा ठरविलेले नाहीत. टाळता येतील तेथे प्रयोग टाळावेत आणि केवळ हाताला सफाई यावी म्हणून ते करू नयेत, असे मात्र त्यात सुचविले आहे. पुढे १९९८ चे नियम आणि त्यांतील दुरुस्त्या यांनी प्रत्येक प्रयोगास समितीची संमती आवश्यक केली. याच कायद्यात असेही आहे की, लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. आणि या लहानांच्या यादीत गिनीपिग, ससा, बेडूक यांच्यासोबत उंदीरही आहे. कलमे वाचणे हा आमचा रोजचा धंदा. तरी हे वाचताना आम्ही थोडे थांबलो. शिडीच्या खालच्या पायरीवर कोणीतरी असणारच. पण खालच्या पायरीवर आहे म्हणून त्याचे मरण स्वस्त, असा त्याचा अर्थ होऊ नये.

नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा वाटेत तहानेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेथे गाढव नाथांच्या डोळ्यांसमोर तडफडत होते. आपला उंदीर डोळ्यांसमोर नसतो. तो बंद दाराआड असतो आणि आपल्यापर्यंत येतो तो छापील ओळीच्या रूपाने. म्हणून आजींच्या प्रश्नाचे उत्तर संशोधकाचे नाव सांगून संपत नाही. संशोधक प्रयोग करतो, संस्था तो करविते, दुकानदार त्याची ओळ करतो, आणि आम्ही ती ओळ वाचून डबा विकत घेतो. ‘सिद्ध’ हा शब्द दिसताच काय सिद्ध, कोणावर सिद्ध, आणि माणसावर पुढे काय दिसले, हे आम्ही विचारीत नाही. आम्ही विचारीत नाही म्हणूनच पोकळ प्रयोगांना गिऱ्हाईक मिळते.

परवा आजींना आम्ही हे सारे सोपे करून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. डबा अजून अर्धा भरलेला होता. त्या म्हणाल्या, “मुलगा बरा झाला, हे देवाचे उपकार. पण त्या उंदरांचे काही लागतो का रे आपण?”

“लागतो, आजी,” आम्ही म्हणालो. “त्यांना विष आम्ही दिले.”

या वाक्यात कर्ता आहे. ते जमले तर डब्यावर छापावे, अशी आमची सूचना आहे.